पारीखालचा हात

दुकानाच्या रांगेत शिंपीकाकांच्या पुढे सासू-सुनेची जुंपली होती, तीही मैद्याच्या नव्या पिशवीवरून. काकांना काही उमगेना.

“बकलावा मिठाईच्या थरांना लागणारी फायलोची पारी इतकी पातळ हवी, की खाली धरलेला हात दिसावा.”

“आई, तशीच ताणली होती.”

“मग मला का नाही दिसला?”

“तेच तर कळत नाही! ओव्हन तापून थंड झाला, तरी तुमचं एकच, पारी जाड आहे.”

“होतीच जाड.”

“अहो, शेवटी फाटली! भोकातून माझी बोटं बाहेर आली होती.”

“काहीतरीच तुझं. आणि काय गं, हे दुकानवाले दिवे का लावत नाहीत?”

काकांनी वर पाहिलं. सगळे दिवे लागलेले होते.

सुनेने पिशवी खाली ठेवली.

“आई, माझा हात धरा.”