इंजिनाखालचा पत्रा

गॅरेजमध्ये पंक्चर निघायची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको होते. त्यांची जीप तिसऱ्यांदा ओढून आणली होती. मिस्त्री तिच्याखालून बाहेर आला.

“साहेब, पुन्हा दगडाने ऑइलचं चेंबर फोडलंय. आता तरी इंजिनाखाली जाड पत्रा लावून घ्या.”

“पैसे एकाच कामापुरते आहेत. टपावर लाइटची पट्टी लावू.”

“बरोबर. टपालाच फार दगड लागतात.”

“अहो मिस्त्री, पण खालचा पत्रा दिसणार कुणाला?”

“दगडाला दिसेल की!”

“पट्टीने गाडीला रुबाब येतो.”

“वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना.”

“लावा हो पट्टीच. मागच्या वेळी सासूबाईंना घेऊन डोंगरात अडकलो, तेव्हा ओढायला आलेल्या माणसाला आम्ही अंधारात दोन तास सापडत नव्हतो.”