छतावर मोर आहे

पोलीस ठाणे वालमोरा, प्रांत वारेसे
दिनांक ३ नोव्हेंबर १९९७

मी, सौ. इमेल्दा रोव्हेरा, दारिओ ब्रिव्हिओ यांची पत्नी, वय ५८ वर्षे, धंदा व्हिला ओर्सेनिगाच्या बागेत पाहुण्यांना माहिती सांगत फिरवणे, राहणार बागेच्या खालच्या फाटकाजवळचे घर, वालमोरा.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर राहते आणि लग्नाच्या आधीपासून याच बागेत कामाला आहे. बागेचे व्यवस्थापक श्री. प्रांदोनी यांनी काल माझ्या नणंदेचा मुलगा नेव्हिओ याच्याविरुद्ध तक्रार दिली आहे, असे मला सांगण्यात आले. बागेतल्या गुहेत मुद्दाम पाणी सोडले, त्यामुळे ते घसरून पडले आणि त्यांचे मनगट मोडले, असे तक्रारीत आहे. मनगट मोडले हे खरे आहे. मी तिथेच होते.

गुहा बागेच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या पोटात आहे. ती माणसांनी बांधलेली आहे. भिंती भोकाभोकांच्या दगडाच्या, फरशी काळ्यापांढऱ्या गोट्यांची, आणि समोर नाक तुटलेला नदीचा देव. गोट्यांच्या मधे बारीक नळ्या लपवलेल्या आहेत. ज्या सरदाराने बाग केली त्याला आलेल्या पाहुण्यांना भिजवायची हौस होती. सरदार गेला, खोड राहिली. भिंतीमागे एक अरुंद खोली आहे. तिथे कारंजेवाला उभा राहतो, लाकडी झडप सरकवून फटीतून पाहुण्यांवर नजर ठेवतो आणि वेळ साधून पाणी सोडतो. त्याला हाक मारायची नसते, नाहीतर लोक सावध होतात. माहिती सांगणारी बाई कोरड्या दगडावर उभी राहून म्हणते, "आता वर पाहा, छतावर मोर आहे. ज्याला आधी दिसेल त्याचं यंदा लग्न." छतावर मोर नाही. कधीच नव्हता. सगळ्यांच्या माना वर गेल्या की खालून पाणी येते.

हे कारंजेवाल्याचे काम माझे पती दारिओ करत असत, त्यांच्या आधी त्यांचे वडील करत. मी पहिल्या दिवशी कामाला लागले तेव्हा मला कोरडा दगड दाखवण्यात आला. इथे पाणी येत नाही, बिनधास्त उभी राहा, असे सांगण्यात आले. मी मोराचे वाक्य म्हटले आणि सगळ्यांत आधी माझ्याच डाव्या घोट्यावर पाण्याची धार आली. एक नळी दारिओने स्वतः तिकडे वळवून ठेवली होती. मी भरल्या लोकांत त्याला शिवी दिली. त्याच हिवाळ्यात आमचे लग्न झाले. त्यानंतर कितीही मोठा पाहुणा आला तरी पहिली धार माझ्या घोट्यावर, मग जरा थांबून बाकीच्यांवर, हा क्रम त्याने कधी मोडला नाही. ही नळी नेव्हिओला माहीत नाही. प्रांदोनींना तर नाहीच. नवराबायकोमधली गोष्ट होती, सांगायची कोणाला?

मार्च महिन्यात दारिओच्या छातीत पाणी झाले म्हणून त्याला दवाखान्यात नेले. मी एकटी घरी आले. तेव्हापासून गुहा कोरडी आहे. पाण्याचा खर्च परवडत नाही, नळ्या सिमेंटने बुजवून गुहेला जाळी लावू, असे प्रांदोनींचे म्हणणे आहे. त्यांनी वरच्या टाकीची तोटी बंद करून तिचे चाक काढून कचेरीत नेले. भिंतीमागच्या खोलीला कुलूप घातले आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. मोराचे वाक्यही बोलायचे नाही, लोक उगाच आशेने पाहतात, असे मला बजावले. मी बोलणे बंद केले.

नेव्हिओ मामाच्या हाताखाली शिकलेला आहे आणि त्याला ते काम हवे आहे. शनिवारी बारमध्ये त्याने चारचौघांत प्रांदोनींना, "एक दिवस तुम्हाला नखशिखांत भिजवीन," असे म्हटले, ही गोष्ट खरी आहे. वाइनचा दुसरा पेला झाला की तो असेच बोलतो. गेल्या वर्षी त्याने पाद्रीबाबांनाही घंटेला टांगण्याची धमकी दिली होती. पाद्रीबाबा ठणठणीत आहेत.

शनिवारची रात्र ही मृतांची रात्र. आमच्या भागात त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाण्याची सुरई भरून ठेवतात. घरचे गेलेले लोक लांबून चालत येतात, त्यांना तहान लागलेली असते, असे मानतात. माझ्या आईवडिलांसाठी मी दरवर्षी ठेवत आले. यंदा ठेवली नाही. काल सकाळी माझी नणंद एर्सिलिया मृतांच्या दिवसाची बिस्किटे घेऊन आली, तिने रिकामे टेबल पाहिले आणि दारातच थांबली.

"वहिनी, सुरई कुठाय?"

"नाही ठेवली."

"माझा भाऊ एवढ्या लांबून आला असेल, आणि तू त्याला घोटभर पाणी ठेवलं नाहीस? अगं, पहिलं वर्ष त्याचं!"

"त्याला काय गरज? अख्खी हयात पाण्यात गेली त्याची."

"जीभ आवर. घरात पाणी मिळालं नाही तर तो जिथं मिळेल तिथं जाईल. मग माझ्याकडे रडत येऊ नकोस."

मी तिला कारण सांगितले नाही, ते इथे सांगते. सुरई ठेवली असती तर त्याला त्यांच्यात धरावे लागले असते. आईवडिलांना धरले होते, ते म्हातारे होते. ह्याला धरायला माझा हात उठला नाही. सुरई मी कपाटातून काढली होती. परत आत ठेवली.

त्यानंतर मी कामावर गेले. कालची फेरी या हंगामातली शेवटची होती. मोंझाच्या टोपी कारखान्यातले निवृत्त कामगार बसने आले होते, सगळे टोप्या घालून. प्रांदोनीही बरोबर होते, कारण त्यांना गुहेच्या तोंडाचे माप घ्यायचे होते. त्यांनी नवा फिका कोट घातला होता. मी नेहमीच्या रस्त्याने सगळ्यांना नेले. आधी कापीव कुंपणांची बाग, मग लिंबांच्या कुंड्या, मग पायऱ्या, मग गुहा. लिंबाच्या कुंड्या थंडीसाठी आत घ्यायचे काम चालू होते. गुहेच्या दारातून मला नेव्हिओ समोर दिसत होता. त्याने आणि माळ्याने एक कुंडी बांबूला अडकवून खांद्यावर घेतली होती. पुढे जे झाले ते होईपर्यंत ती कुंडी त्याच्या खांद्यावरून उतरलेली नव्हती. माळ्याला विचारावे.

मी कोरड्या दगडावर उभी राहून देवाच्या तुटलेल्या नाकाची गोष्ट सांगत होते. पाहुण्यांमध्ये झाइरा कोल्नागी नावाच्या एक बाई होत्या, डोक्यावर हिरवी टोपी. त्यांनी मला मधेच थांबवले.

"अहो, इथं पाणी उडायचं ना? लग्नाच्या वर्षी मी इथं अशी भिजले होते की नवऱ्याला माझी वेणी पिळून द्यावी लागली. तो पाणी सोडणारा माणूस कुठाय? मेला फटीतून डोळा मारायचा!"

सगळे हसले. प्रांदोनी म्हणाले, "सिन्योरा, ते आता बंद आहे. तो माणूस आता..."

त्यांचे वाक्य मी पुरे होऊ दिले नाही. मी म्हणाले, "आहे की. कुठं जातोय तो? आता वर पाहा, छतावर मोर आहे."

माझ्या तोंडून ते सवयीने गेले का, असे मला विचारण्यात आले. नाही. प्रांदोनी जो शब्द बोलणार होते तो मला त्या जागेत ऐकायचा नव्हता, म्हणून मी बोलले.

लोकांनी माना वर केल्या. प्रांदोनींनीही केली. गुहेत एकदम थंड झाले आणि माझ्यामागे लाकूड सरकल्याचा आवाज आला. मी मागे वळून पाहिले नाही. मला भीती वाटली, आणि वळले तर थांबेल असेही वाटले. दोन्ही एकदमच वाटले. मग माझ्या डाव्या घोट्यावर धार आली.

ती थांबली. तो नेहमी थांबायचा, कारण त्याला हसू आवरायला लागायचे. त्यानंतर फरशीतल्या सगळ्या नळ्या सुटल्या. टोप्या उडाल्या. झाइराबाई पोरीसारख्या किंचाळत जागेवरच गोल फिरत होत्या. प्रांदोनी पळायला गेले आणि नदीच्या देवाच्या पायाशी आडवे झाले. पाणी बराच वेळ चालले. शेवटी मी म्हणाले, "दारिओ, पुरे." पाणी थांबले. मी हे मोठ्याने बोलले, असे झाइराबाईंनी आपल्या जबाबात सांगितले आहे. ते बरोबर आहे.

त्यानंतर प्रांदोनींनी दुसऱ्या हाताने खिशातली किल्ली काढून दिली आणि माळ्याने खोलीचे कुलूप उघडले. कुलूप गंजले होते, तेल घालावे लागले. आत कोणी नव्हते. फरशी ओली होती. फटीवरची झडप उघडी होती. वरच्या टाकीवर माणूस पाठवला, तर तोटी बंद आणि टाकी भरलेली. चाक कचेरीत कपाटावर होते, त्यावर धूळ होती. ही धूळ प्रांदोनींनी स्वतः पाहिली आणि तरीही नेव्हिओचे नाव घेतले.

तोवर नेव्हिओही कुंडी ठेवून धावत आला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामी, आईशप्पथ मी नाही."

"ठाऊक आहे रे, वेड्या."

"मग कोण?"

त्याने माझ्या ओल्या मोज्याकडे पाहिले आणि पुढे काही विचारले नाही. संध्याकाळी त्याला इथे ठाण्यावर आणले, तेव्हापासून तो इथेच आहे. एर्सिलिया सकाळपासून बाहेर बाकावर बसून आहे.

ठाणे अंमलदार लाफाचे, ज्यांना हुद्द्यावरून सगळे मारेशालो म्हणतात, त्यांनी मला समजावून सांगितले की, असल्या प्रकरणात दोनच गोष्टी असू शकतात. पाणी माणसाने सोडले, तर नेव्हिओवर गुन्हा दाखल होईल. पाणी बिघाडामुळे आले, तर गुहा धोक्याची ठरून प्रांदोनी या आठवड्यातच नळ्यांत सिमेंट ओततील. यातले काय ते मी नीट आठवून सांगावे.

मी म्हणाले, "मारेशालो, नेव्हिओला तुरुंगात घालू की नवऱ्याला भिंतीत चिणू, असं विचारताय तुम्ही मला."

त्यांनी पेन खाली ठेवले. मग म्हणाले, "बाई, आमच्याकडे दक्षिणेत, कालाब्रियात, मृतांच्या रात्री ताट वाढून ठेवतात. माझी आई अजून ठेवते. सकाळी मी पाहायचो, कोणी खाल्लंय का ते. पण हे सरकारी कागदावर कसं घालू? वरचे मला वेड्यात काढतील."

"मी सांगते तसं घाला. वेड्यात काढायचं तर मला काढतील."

"तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे. हंगाम तसाही संपला."

तरी मी सांगते की, काल गुहेत पाणी आले ते बिघाडामुळे नाही. बिघाडाला माझा घोटा माहीत नाही. ते नेव्हिओनेही सोडले नाही. ते मी मागितले म्हणून आले. मला मनाई असताना, समोर माणसे उभी असताना, मी ठरलेले वाक्य ठरलेल्या जागेवर उभी राहून म्हटले. श्री. प्रांदोनी पडले ते माझ्यामुळे. गुन्हा नोंदवायचा असेल तर माझ्या नावाने नोंदवावा आणि नेव्हिओला त्याच्या आईबरोबर घरी जाऊ द्यावे. प्रांदोनींच्या दवाखान्याचे बिल माझ्याकडे पाठवावे, कोटाचे नाही. तो कोट आधीच वाईट होता.

मारेशालोंनी विचारले की, एकटीने हे होणे शक्य नाही, मग साथीदार म्हणून कोणाचे नाव लिहावे? मी सांगितले, दारिओ ब्रिव्हिओ, वडिलांचे नाव ॲम्ब्रोजिओ, धंदा कारंजेवाला. ते लिहून त्यांनी मान वर केली आणि पुढे काय लिहू, म्हणून माझ्याकडे पाहत राहिले.

मी म्हणाले, मयत लिहा.

हा शब्द मी त्याच्याबद्दल आज पहिल्यांदा बोलले. मारेशालोंनी तो लिहिला आणि मला प्यायला पाणी दिले.

वरील मजकूर मला आमच्या बोलीत सावकाश वाचून दाखवण्यात आला. मी सांगितले तसाच तो उतरवलेला आहे, काही घातलेले किंवा गाळलेले नाही, म्हणून खाली सही करत आहे.

सही/- इमेल्दा रोव्हेरा

समक्ष,
सही/- कोझिमो लाफाचे, ठाणे अंमलदार, वालमोरा