सुनेची कबड्डी

पेणच्या स्टँडवर बायजाबाई जोह्याच्या गाडीसाठी रांगेत उभी होती. पुढं दोन अनोळखी बायका बोलत होत्या.

“ऐकलंस काय गो? जोह्यात एक सासू सुनेला कबड्डी खेळायला पाठवते!”

“काय सांगतेस!”

“व्हय! पोरींबरोबर चड्डी घालून धावते ती. मूल जाऊन वरीस पण नाय झाला.”

“अगो बाय! आणि सासू?”

“कडेला बसून टाळ्या वाजवते.”

“लाज नाय वाटत?”

“नाय वाटत,” बायजाबाई मागून म्हणाली. “ती सासू मीच.”

दोघी गर्रकन मागं वळल्या.

“मूल गेलं नि माझी सून किमया भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. एकदा विहिरीच्या काठावरून मी तिला मागं ओढली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, नि म्हणाले, तिला घराबाहेर काढा, अंग हलू द्या. लग्नाआधी ती कबड्डी खेळायची. मग मीच हाताला धरून मैदानात नेली.”

“मग... आता?”

“काल खेळून आली नि दारातूनच ओरडली, आई, भूक लागलीय! मूल गेल्यापासून पहिल्यांदा जेवायला मागितलं गो तिनं.”

गाडी लागली. रांग पुढं सरकली, पण त्या दोघी जागच्या हलल्या नाहीत.