पाचव्या अर्जाची वाट

व्यासपीठावरचे आदरणीय अध्यक्ष महोदय, वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे आपले लोकप्रतिनिधी, मुख्याध्यापक, आजच्या सत्कारमूर्ती विज्ञानाच्या बाई, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या थोरल्या ताई, सर्व शिक्षकवृंद आणि जागा नसल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले आजी-माजी विद्यार्थी,

मी या शाळेचा हेडक्लार्क. कागद टाचणे हा माझा धंदा. मुलं मला मागून ‘टाचणी’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव आभारासाठी आहे. आभार मानतोच, पण त्याआधी थोडं टोचणार आहे.

पाहुण्यांनी आत्ताच फार सुंदर सांगितलं, की शिक्षक हा समाजाचा कणा आहे. टाळ्याही पडल्या. साहेब, कण्याला म्हातारपणी टेकायला काही लागतं की नाही?

काल दुपारी बाई माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, “भाऊ, अनुभवाचा दाखला हवा होता.” मी म्हटलं, “उद्या निरोप समारंभ आणि आज दाखला? तो कशाला?” तर म्हणाल्या, “सोमवारपासून शिकवणीच्या वर्गात जाणार आहे. कुणाला सांगू नका.” वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. बाईंचे गुडघे कसे आहेत, ते प्रयोगशाळेच्या तीन पायऱ्या त्यांना चढताना पाहिलेल्या कुणालाही विचारा. मग आज आपण निरोप कसला देतोय?

बाई मला खाली बसा म्हणून खुणावताहेत. बाई, सत्तावीस वर्षं तुमचं ऐकलं. आज ऐकणार नाही.

मंडळी, बाई नोकरीला लागल्या तेव्हा त्यांनी पेन्शनच्या नोंदणीचा अर्ज पहिल्याच दिवशी भरून माझ्या हातात दिला. अक्षर मोत्यासारखं, एक खाडाखोड नाही. पेन्शन ऑफिस लांब, जाण्यायेण्यात अख्खा दिवस मोडायचा. म्हणून आमच्या कार्यालयाचा जुना शिरस्ता होता, की पाच अर्ज साठले की एकदम न्यायचे. बाईंचा अर्ज पहिला. आणि त्याच महिन्यात भरती बंद झाली. पाचवा सोडा, दुसराही अर्ज आला नाही. मी आपला पाचव्याची वाट बघत बसलो.

बाईंनी दोनदा विचारलं. “भाऊ, पगारातून कपात दिसत नाही हो.” मी म्हटलं, “नंबर आला की आपोआप सुरू होईल, निश्चिंत राहा.” त्या निश्चिंत राहिल्या. आठ वर्षांनी भरती उघडली, नवे अर्ज ठेवायला खण उपसला, तेव्हा तळाशी तो अर्ज निघाला. त्याच दिवशी धावत नेऊन दिला. उत्तर आलं, की नोंदणी अर्ज मिळाल्या तारखेपासून धरली जाईल.

आता हिशेब ऐका. पेन्शनला नोंदणीची वीस वर्षं लागतात. बाईंची भरली एकोणीस वर्षं आणि थोडे महिने. बाई म्हणाल्या, मागच्या आठ वर्षांची कपात मी माझ्या पदरची भरते. पेन्शन ऑफिसवाले नाही म्हणाले, तशी तरतूद नाही. मी खिडकीवरच्या साहेबांना सांगितलं, चूक माझी आहे. ते म्हणाले, “मग तसं लेखी द्या.” दिलं. “छान. हे फाइलला लावतो.” म्हटलं, पुढे? “पुढे काय? लावलं ना फाइलला.”

मला राग कशाचा येतो सांगू? गाढवपणा केला क्लार्कनं. त्याची पेन्शन शाबूत आहे. दोन वर्षांनी मी ती घेऊन घरी आरामात बसेन. शिक्षा झाली ती वेळेवर अर्ज देणारीला. हा कुठला न्याय? आणि मी एकटाच शहाणा आहे असं समजू नका. शेजारच्या शाळांच्या कार्यालयांत विचारून आलोय. प्रत्येक खणात एखाद्या बाईंची, एखाद्या सरांची वर्षं पडलेली आहेत.

काल मी दाखला टाइप केला: सेवा सत्तावीस वर्षे. मुख्याध्यापकांनी सही केली, मी शिक्का मारला. शिकवणीवाल्यानं तो बघून मान डोलावली. शिकवणीवाल्याला सत्तावीस वर्षं मान्य आहेत, साहेब. फक्त कायद्याला नाहीत.

दुरुस्तीचं विधेयक तयार आहे. फार काही मागत नाही ते. हजेरीपटावर पहिली सही झाली, त्या दिवसापासून नोंदणी धरा. राहिलेली कपात भरू द्या. आणि अर्ज पोचवण्याची जबाबदारी कार्यालयावर टाका. विधेयक ज्या समितीत अडकलंय, तिचे आपण सभासद आहात. गेल्या दोन बैठका गणसंख्येअभावी तहकूब झाल्या. दोन्ही वेळा आपण कुठल्याशा सत्काराला गेला होतात. पुढची बैठक बुधवारी आहे. बुधवारी आपला कुठं सत्कार असेल, तर कृपा करून तो आम्हाला सांगा. आयोजकांच्या हातापाया पडून तारीख बदलून आणतो.

त्या दाखल्याची ही कार्यालयातली प्रत आपल्या हातात देतोय. याच्यासोबत पहिल्या दिवसाच्या हजेरीपटाची नक्कल टाचलेली आहे. तेवढंच मला येतं.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, खुर्च्या लावणाऱ्या शिपाईमामांचे आणि आपणा सर्वांचे आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर पोटात घाला. कामातली माझी चूक मात्र घालू नका. बाईंनी ती केव्हाच पोटात घातलीय, म्हणून तर सोमवारी त्या जिना चढणार आहेत.