टाकीवरची गाठ

सत्यशीला : ‘गाडी उभी ठेवू नको. रोज दिवा लावून झाला की चालू करत जा, नाहीतर बसून जाईल ती.’ दवाखान्यातल्या खाटेवरून सांगितलं होतं ह्यांनी. मी एक दिवस चुकवला नाही, रामेश्वरभाऊ. तरी अशी का करते ही स्कूटर?

रामेश्वर : तेच तं मलाबी कळून न्हाई राह्यलं, काकू. मागल्या खेपेला प्लग बदलला, कार्बोरेटर खोलून साफ केलं, बॅटरी चार्ज करून आणली. माझ्या दुकानापुढं तं मस्त चालू झाल्ती.

सत्यशीला : इथंही चालू होते. स्टेशनच्या रस्त्याला लागेपर्यंत नीट जाते. मग दम लागल्यासारखी करते आणि बंद. थोडं थांबलं की लागते, पुन्हा बंद. दोनदा ढकलत आणली मी. शेजारची शालू गच्चीवरून बघत होती. म्हणाली, “काकू, गाडीला फिरवून आणून राह्यल्या का?”

रामेश्वर : रोज चालू करता म्हणता, तं किती वेळ ठेवता?

सत्यशीला : एक आरती होईपर्यंत. तिच्याजवळ उभी राहून म्हणते. आरती झाली की बंद.

रामेश्वर : उभ्या उभ्याच? चाक बिलकुल फिरत न्हाई?

सत्यशीला : नाही.

रामेश्वर : म्हंजे गाडीची पूजा करून राह्यल्या तुम्ही. अन् तिला वाटलं, आपुन देव झालो. देव कुठं रस्त्यानं पळतो का!

सत्यशीला : हसा. पण आज जायचंच होतं मला. आज संकष्टी.

रामेश्वर : कुठं, राजूरच्या गणपतीला?

सत्यशीला : आधी आक्कांकडं. ह्यांच्या थोरल्या बहिणी. राजूरच्या अलीकडं शेतात वस्ती आहे, तिथं एकट्याच असतात. दर चतुर्थीला हे त्यांना मागं बसवून गणपतीला नेऊन आणायचे. जाताना माझ्याकडून शब्द घेतला, आक्काची चतुर्थी चुकू देऊ नको. आणि तेव्हापासून एकही झाली नाही.

रामेश्वर : मंग रिक्षा करून न्यायचं त्यांना. बसनं न्यायचं.

सत्यशीला : बस रस्त्यावर थांबते, वस्ती लांब आत. गुडघे धरलेत त्यांचे. रिक्षाचं विचारलं होतं. म्हणाल्या, “भावाच्या गाडीवर जात होते म्या. भाड्याच्या न्हाई जायची.”

रामेश्वर : खानदानी काम दिसतंय. सीट उघडा बरं. टाकी बघू द्या.

सत्यशीला : पेट्रोल आहे त्यात.

रामेश्वर : आसंल. कसं हाय ते बघतो.

सत्यशीला : आहे म्हटलं ना, भाऊ. टाकीचं काय बघायचं?

रामेश्वर : अवो काकू, डॉक्टरनं जीभ दाखवा म्हटलं, अन् पेशंट तोंडच उघडना! आणा चावी.

सत्यशीला : थांबा. मीच उघडते.

रामेश्वर : ... हे काय बांधलंय?

सत्यशीला : प्लास्टिक आहे.

रामेश्वर : ते दिसून राह्यलं. झाकणाखाली बी प्लास्टिक, वरून बी प्लास्टिक, अन् त्याच्यावर सुतळी. एवढी घट्ट गाठ कुणी मारली?

सत्यशीला : मीच. हे इथं संशोधन केंद्रात होते ना, तुरीच्या बियाण्यावर. घरी थोडं बी आणलं की असंच बांधून ठेवायचे. दुहेरी पिशवी, आतली हवा दाबून काढायची, मग गाठ. हवा लागली की बी मरतं म्हणायचे. संसारभर मी डाळी, शेवया, हळद, सगळं तसंच बांधत आले.

रामेश्वर : अन् मंग पेट्रोल बी?

सत्यशीला : उडून जातं ना ते.

रामेश्वर : काकू, बी येगळं, पेट्रोल येगळं. ह्या झाकणाला बारीक छेद आसतो. पेट्रोल खाली उतरलं की तेवढी हवा वरून आत यायला पाहिजे. न्हाई आली तं पेट्रोल खाली येतच न्हाई, वरच अडकून बसतं. तुमच्या आरतीपुरतं पुरत होतं. रस्त्याला लागलं की गाडी उपाशी.

सत्यशीला : म्हणजे माझ्यामुळंच बंद पडत होती?

रामेश्वर : पिशवीमुळं.

सत्यशीला : मला वाटलं, ह्यांचीच इच्छा नाही मी एकटीनं जावं अशी. म्हणून वाटेतून परत पाठवतात.

रामेश्वर : साहेब कशाला आडवतील? बरं झालं, सापडलं. मी बी येडाच, प्लग बदलत बसलो अन् झाकण बघितलं न्हाई. आता हे काढतो, अन् हे पेट्रोल बी काढून टाकू.

सत्यशीला : ते नको.

रामेश्वर : वास बघा की त्याचा. वार्निशसारखा येऊन राह्यला. रंग बी बदलला. हे आत गेलं का कार्बोरेटर पुन्हा चिकटणार. मी एक बाटली ताजं आणलंय.

सत्यशीला : पिशवी काढलीत ना? मग चालेल की एवढ्यावर.

रामेश्वर : न्हाई चालायचं. कधी भरलं व्हतं हे?

सत्यशीला : पोळ्याच्या आदल्या दिवशी. ह्यांनीच भरून आणलं. टाकी फुल करून आले, आणि म्हणाले, जरा पडतो, छातीत भरून आल्यासारखं वाटतंय.

रामेश्वर : आसं व्हय. थांबा, ही नळी ठेवतो बाजूला.

सत्यशीला : कपडे आक्कांनी वाटून टाकले, रीत असते म्हणून. चष्मा लेकीनं, अर्पितानं, पुण्याला नेला. माझ्याकडं हे राहिलं. रोज थोडं थोडं कमी होत होतं, म्हणून एका आरतीपुरतंच चालू ठेवू लागले. त्यांनी सांगितलेलं चालू करणंही चुकायला नको, आणि हे संपायलाही नको.

रामेश्वर : आसू द्या. बसतो मी जरा. चहा मिळंल का?

सत्यशीला : अरे देवा, विचारलंच नाही मी. आत्ता ठेवते.

रामेश्वर : तुम्ही बी घ्या अर्धा. उपासाला चालतो ना चहा?

सत्यशीला : चालतो. पण सुटलाय माझा. एका माणसाचा चहा मांडायला हात उचलत नाही हो. थांबा, फोन वाजतोय... आक्कांचाच आहे.

(ती फोनचा स्पीकर लावते.)

वच्छलाबाई : सत्यशीला? निघाली का न्हाई?

सत्यशीला : आक्का, गाडी दुरुस्त करायला आलेत. होतच आलंय.

वच्छलाबाई : मागल्या चतुर्थीला बी होतच आल्तं. त्याच्या आदल्या चतुर्थीला तुला पडसं झाल्तं. त्याच्या आदल्या चतुर्थीला अर्पिता येणार व्हती, अन् ती काय आली न्हाई.

सत्यशीला : चुकलं माझं.

वच्छलाबाई : भांडायला न्हाई केला म्या फोन. सकाळपासून लुगडं नेसून वट्यावर बसले. पाणी भरायला येणारी बाई इचारती, “कुठं चालल्या आक्का?” म्या म्हणते, भावजय येऊन राह्यली. दर चतुर्थीला तेच सांगते. सांज झाली का लुगडं बदलते. आता ती इचारतच न्हाई. पाणी भरती अन् खाली बघून जाती.

सत्यशीला : आक्का...

वच्छलाबाई : तुला यायचं नसंल तं तसं सांग. म्या घरीच दुर्वा वाहीन, देव काय रागवत न्हाई. पण आदिनाथ गेला, तं त्याच्यासंगं माझी भावजय बी गेली का, येवढं कळू दे मला. मंग म्या वट्यावर बसायची न्हाई.

सत्यशीला : येते मी.

वच्छलाबाई : त्वांडदेखलं नको बोलू.

सत्यशीला : येते, आक्का. दुर्वा निवडून ठेवा. ऊन तापलंय, आत बसा.

वच्छलाबाई : बसते म्या हितंच. ठेव फोन, बोलत बसली तं निघशील कव्हा?

रामेश्वर : चहा राहू द्या, काकू. परत येईन कधी.

सत्यशीला : भाऊ, काढा ते पेट्रोल.

रामेश्वर : नक्की ना?

सत्यशीला : काढा. थोडंसं बाटलीत ठेवता येईल का? एवढंसं.

रामेश्वर : ठेवा म्हटलं आसतं. पण घरात रोज दिवा लावता तुम्ही. तिथं पेट्रोल नको, काकू.

सत्यशीला : नको मग. फेकणार तुम्ही ते?

रामेश्वर : फेकत न्हाई. दुकानात पार्ट धुवायला लागतं. ह्याच्यावर चार लोकांच्या गाड्या साफ होतील.

सत्यशीला : तसं असेल तर द्यायला हरकत नाही. वाया जाऊ देत नसत ते काही. गळकी घमेलीसुद्धा झाडाखाली ठेवायचे, पाखरांच्या दाण्याला... नळी मी धरू का?

रामेश्वर : धरा. वाकडी होऊ देऊ नका. हां, बराबर.

सत्यशीला : किती लवकर उतरलं.

रामेश्वर : झालं. आता ताजं टाकतो. चोक ओढा. मारा बटन.

सत्यशीला : लागली!

रामेश्वर : मी एक चक्कर मारून येतो, स्टेशनच्या पुढं जाऊन. तुम्ही तोवर तयार व्हा.

सत्यशीला : तयारच आहे मी. सकाळी अंघोळीनंतर हेच पातळ नेसले होते.

(तो चक्कर मारून परत येतो.)

सत्यशीला : आलात? कशी गेली?

रामेश्वर : बिलकुल न्हाई थांबली. तहसीलला वळसा घालून आणली. बंद न्हाई करत, तशीच बसा. रस्त्यात पंपावर टाकी भरून घ्या, हे बाटलीभर पुरायचं न्हाई. हे हेल्मेट साहेबांचं ना?

सत्यशीला : हो. मोठं होतं मला.

रामेश्वर : पट्टा आवळतो. लांब चालवली का कधी तुम्ही?

सत्यशीला : ह्यांनी केंद्राच्या आतल्या रस्त्यावर शिकवली मला. तिथं समोरून कुणी येत नाही. इतकी लांब एकटी गेले नाही कधी.

रामेश्वर : मी येऊ का मागं, माझ्या गाडीवर? हायवे ओलांडेपर्यंत?

सत्यशीला : नको, भाऊ. आज तुम्ही याल. पुढच्या चतुर्थीला मी कुणाकडं बघू?

रामेश्वर : मंग सावकाश जा. घाई न्हाई कशाची.

सत्यशीला : गेट तेवढं तुम्ही लावून घ्या. आता उतरले, तर पुन्हा बसायची नाही मी.