शनिवारी घेतलेले फिन्स

...आणि वर त्या दुकानदारानं विचारावं काय, तर 'काका, पातं कडक देऊ की मऊ?' आता काय सांगायचं सुकदेवनं? जन्म गेला लिंबायतला कापडाच्या लूमच्या खडखडाटात, पायात कायम रबरी स्लीपर, आणि हा माणूस पातं विचारतोय! बरं, पाण्यात शिरायचं कोणाला? सुकदेवला? छे हो! तो बादलीजवळसुद्धा जपून बसतो. शिरायचं त्याच्या बायकोला, सुंदराला, पन्नाशीत... तुम्हाला सांगतो, पायातलंच तर घ्यायचं होतं, त्याचं एवढं रामायण?

त्यांची लेक शीतल मालवणला असते, लोकांना समुद्राखाली नेऊन मासे दाखवते, तोच तिचा धंदा. फोनवर एकच धोशा, 'आई, मी रोज काय बघते ते एकदा खाली येऊन बघ ना.' सुंदरानं घेतलं मनावर. घरी बसून साड्यांचे धागे कापणारी बाई स्विमिंग पूलवर जायला लागली, नाकातोंडात पाणी जाऊन पोहायला शिकली, पाठीवर हवेची टाकी बांधून तळाशी जायला शिकली, आणि अडलं कुठं? पायात! पूलवरचे उसने फिन्स, म्हणजे पोहताना पायात चढवायची ती बेडकाच्या पायासारखी रबरी पाती, लांबलचक, कडक. चार लाथा मारल्या की पोटऱ्यांत गोळे. गेल्या रविवारी ती काठावर येऊन बसली आणि म्हणाली, येत्या रविवारी पुन्हा गोळा आला तर शीतलला नाही म्हणून कळवा. हे ऐकून सुकदेवनंच नव्या फिन्सचा हट्ट धरला. कारण पोहायला लागल्यापासून ती घरात गुणगुणते, आणि ते त्याला आवडतं हो, फार आवडतं, तोंडानं कबूल करत नाही इतकंच.

म्हणून निघाले नवे फिन्स घ्यायला, आणि निघाले कधी, तर शनिवारी! पर्वत पाटियाच्या चौकात रिक्षा अडकली तेव्हा ह्याला आठवलं. "शनवारले पायमा घालानं लेतस का कोनी?"

सुंदरा शांत. "यासनावर कोनी चालस का? मंग ती चप्पल नही."

बिनतोड! सुकदेवनं मान्य केलं, आणि मान्य करून दुकानात शिरलेला हा गृहस्थ पहिलं वाक्य काय बोलला असेल? 'चालून बघ.' अहो, आपण नाही का चप्पल घेताना दुकानात दोन फेऱ्या मारत? दुकानदार त्याच्या गुजरातीत म्हणतोय, "काका, आमां चालवानुं न होय," पण ह्यात चालायचं नसतं हे ऐकतं कोण? ती बिचारी निघाली फटाक फटाक, तिसऱ्या पावलाला स्वतःच्याच फिन्सवर पाय दिला आणि बसली ती थेट टोप्यांच्या ढिगात... पायातलंच तर घ्यायचं होतं!

मग ह्याचं दुसरं शहाणपण. दोन नंबर मोठे दे, मोजे घातले की बसतील, जास्त दिवस जातील. दुकानदारानं वाद घातला नाही. सुंदराला स्टुलावर बसवलं, ते मोठे घातले आणि म्हणाला, बेन, पाय झटका. झटकला. फिन सुटला तो सुकदेवच्या छातीवर! मग त्यानं आखूड, मऊ जोडी काढली, पट्टा नाही काही नाही, अनवाणी पाय आत सरकवायचा. अंगठा दबत नाही, टाच घासत नाही, झटकला तरी जागचा हलत नाही. सुकदेवनं कापडाचा पोत बघावा तसं पातं दोन बोटांत धरून वाकवलं. हे तर वाकतं, टिकणार कसं?

"काका, ए वळे छे एटले तो बेनना पग बचे." वळतं म्हणून तर पाय वाचतात! घेतली तीच जोडी.

रविवारी सकाळी सुकदेव काठावर उभा, ती पाण्याखाली. बुडबुडे त्या टोकाला गेले, वळले, परत आले, पुन्हा गेले. ह्याच्या मात्र कोरड्या जमिनीवर पोटऱ्या ताठ! शेवटी डोकं वर आलं.

"गोळा नही उना," ती म्हणाली, आणि ह्याचं उत्तर ऐकायला थांबलीसुद्धा नाही, गेली पुन्हा खाली. काय सांगू, डोळे भरून आले हो त्याचे.

पूलवरचा शिकवणारा म्हणाला, काका, तुम्हीपण उतरा, तुमच्या मापाचे फिन्स आहेत. सुकदेवनं पाण्याकडे पाहिलं, बुडबुड्यांकडे पाहिलं, आणि काठावरच्या तिच्या चपला उचलून काखेत धरल्या.

"तुम्ही जा. चपला मी सांभाळस. मालवणलेबी मीच सांभाळसू."