ताट रिकामं आलं

मी वळसंगची. आमचा आजा दुसऱ्याच्या रानात राबायचा, त्यानं बाप्तिस्मा घेतला तवापासनं आमी ख्रिस्ती, म्हंजी बापाचं नाव याकोब झालं, आईचं दीना झालं, पण रान तेच, ज्वारी तीच अन मार बी तोच. काय सांगू तुमाला ताई, बाप रविवारी पांढरी कापडं घालून प्रार्थनेला जायचा, लई गोड गळा व्हता त्याचा, अन घरी येऊन आमटीत मीठ कमी निघालं की बैलाचा कासरा काढायचा. आई वरडायची न्हाय. पदराचा बोळा तोंडात घालायची, शेजारी ऐकतील म्हणून. अन शेजारी ऐकायचेच की! शेजारी एक म्हातारी व्हती, चांगली, दोन म्हशीवाली, ती रोज ऐकायची अन सकाळी आईला तांब्याभर ताक आणून द्यायची. ताक द्यायची, पण कासऱ्याच्या मदी कदी पडली न्हाय. मला ती म्हातारी देवमाणूस वाटायची. माझी छप्पन्न वर्षं झाली तरी तसंच वाटत व्हतं, हे लक्षात ठेवा, पुढं लागंल.

लगीन होऊन सोलापुरात आले. नवरा शमुवेल, पॉवरलूमवर कामाला, टावेलाच्या कारखान्यात. मीबी तितंच टावेलाच्या कडा शिवायला लागले, अजून तेच करते. नवरा वाईट व्हता का तर न्हाय म्हणीन, पगार घरी आणायचा, पोरींना खांद्यावर घ्यायचा, पण हात उचलायचा, अन पट्ट्यानं मारायचा. सहा वर्षं खाल्ला मार. एक दिवस मारता मारता त्याचा हात माझ्या तोंडापुढं आला, मी धरला दातात, हाडाला दात लागंस्तोवर सोडला न्हाय. रक्त माझ्या हनवटीवरनं गळत व्हतं, तो रडत व्हता, सोड मार्था सोड. त्या दिवसापासनं बंद. शेजारच्या बाया म्हणल्या, मार्था कुत्र्यावानी चावली. म्हणलं, व्हय, चावली, तुमीबी चावा. तसा माझा सभाव लई तापट, नळावर एकीची कळशी मी डोक्यात घातलीया, खोटं कशाला बोलू. शमुवेल पुढं दम्यानं गेला, सुताची धूळ छातीत बसली. पोरी लगीन होऊन गेल्या. ऱ्हायली मी अन लग्नातली भांडी, त्यात एक मोठं स्टीलचं ताट, त्याच्यावर मशीननं कोरलेलं, शमुवेलचं नाव अन लग्नाची तारीख.

आता आगमनाचं सांगते. नाताळच्या आदी चार रविवार असत्यात, त्याला आमच्यात आगमनकाळ म्हणत्यात, चर्चमदी दर रविवारी एक मेणबत्ती वाढवायची, चौथी झाली की नाताळ आलाच. आमच्या मंडळीत जुनी रीत हाय, दार धरायची. म्हंजी पैल्या रविवारी पाळकसाहेब इचारत्यात, कोण कुठलं दार धरणार, मंग एकेकीनं उठून सांगायचं, मी अमकीचं दार धरते. शेजारचंच दार पायजे अन आपल्या मंडळीतल्या माणसाचं नको. चार रविवार त्या दारात ताट न्यायचं, गोडधोड जे जमंल ते. येशूचं नाव काढायचं न्हाय, पत्रक द्यायचं न्हाय, प्रार्थना म्हणायची न्हाय. फक्त ताट. मला ही रीत लई आवडती, कारण ह्यात बोलायला लागत न्हाय, अन मी बोलले की भांडणच व्हतंय.

चार वर्षांमागं मी महादेवीचं दार धरलं. माझ्या भिंतीला तिची भिंत, वरनं दोघींचा पत्रा एकच. नवीनच आलते नवरा-बायको. ती अक्कलकोटाकडची, मराठी तोडकं मोडकं, कानडी झकास, मला अव्वा म्हणायची, कानडीत आईला म्हणत्यात तसं. नवरा बसू, त्योबी मागावरच कामाला, दिसायला गरीब गाय, मला बघून मान खाली घालायचा. पैल्या रविवारी मी शमुवेलच्या ताटात सपीटाचा शिरा नेला. सांजच्याला ती ताट घेऊन आली, घासून पुसून, अन त्यात मूठभर साखर. आपल्यात रिकामं ताट परत देत न्हाईत, तुमाला ठावं हाय. मी म्हणलं, अगं कशाला. ती म्हणली, रिकामं कसं देऊ अव्वा. मला लई बरं वाटलं.

दुसऱ्या रविवारी करंज्या नेल्या. ताटात दोन अंडी आली. मी हुरळले की! बुधवारी महिला मंडळात उठून सांगितलं, माझं दार बगा कसलं मायाळू हाय, गरीब असून अंडी धाडली. बाया म्हणल्या, देवाची स्तुती असो. अन खरं सांगू का ताई, आता कबूल करायला लाज कशाला, ज्या रविवारी अंडी आली त्याच सांजला भिंतीपलीकडं भांडी आपटलेली मी ऐकली व्हती. धप, धप, अन मंग काय न्हाय. आवाज न्हाय. तोंडात बोळा घातल्यावर कसा आवाज येत न्हाय ते माझ्याइतकं कुणाला ठावं? मला कळलं. कळूनशान मी काय केलं? म्हणलं, पुढच्या रविवारी ताट जरा भरून न्यावं. व्हय, हेच म्हणलं मी! जी बाई नवऱ्याला हाडापत्तूर चावली, ती दुसरीच्या येळंला ताक वाटणारी म्हातारी झाली.

तिसऱ्या रविवारी मटण केलं. माझ्या मनात काय, बसूचं पोट भरलं की डोकं थंड ऱ्हाईल. चर्चमधनं येऊन, ताट भरून, तिच्या हातात दिलं, अन घरी येऊन भाकरी थापायला बसले. दुसरी भाकरी तव्यावर व्हती. पैल्यांदा बसूचा आवाज आला, त्या बाईला काय सांगितलंस, भिकारी केलंस मला गल्लीत, तुला ख्रिस्ती व्हायचंय व्हय, माझी अंडी वाटतीस व्हय. मंग पातेलं भिंतीवर बसलं, मटणाचा रस्सा भिंतीवरच्या पत्र्याच्या फटीतनं माझ्या हिकडं गळाया लागला. मंग जो आवाज आला, ताई, तो मी मरंस्तोवर इसरणार न्हाय. स्टीलचा आवाज. ठण्ण! अन परत. मला आवाजावरनं कळलं हे माझं ताट हाय.

हातात उलतनं व्हतं, तव्यावरचं, तापलेलं. तसंच घेऊन मी धावले. दाराबाहीर गल्ली जमलेली, सात-आठ बाया, चार बाप्ये, सगळे उभे. एकजण मला म्हणतो, मार्थाबाई, घरोघरी मातीच्या चुली, तुमी कशाला पडताय. मी त्याला कोपरानं ढकलला. दाराला आतनं कडी. लाथ घातली, एक, दोन, तिसऱ्या लाथंला कडी निघाली. आत महादेवी खाली पडलेली, डोकं चुलीच्या ओट्याला टेकलेलं, अन बसू तिच्या केसाला धरून ताट उभं धरून मारत व्हता. उभं, धारंनं. डाव्या कानाच्या वर फाटलं व्हतं, रक्त मानंवरनं चोळीत. उलतनं घातलं मनगटावर, तापलेलंच, चर्र झालं, ताट सुटलं. त्यानं मला पोटात लाथ मारली, मी पडले, तो माझ्या हातावर पाय देऊन उभा ऱ्हायला, बोटं कडाकडा मोडली, ही बगा, ही दोन अजून वाकत न्हाईत. मी पडल्या पडल्या दुसऱ्या हातानं त्याच्या पोटरीला उलतनं लावलं अन दाबून धरलं. कातडीचा वास आला. तवा कुटं तो बोंबलत बाहीर पळाला, अन तवा कुटं गल्लीतल्या बाप्यांना हात फुटले, धरला त्याला.

रिक्षात घालून दवाखान्यात न्हेली. तिचं डोकं माझ्या मांडीवर, माझा पदर तिच्या कानावर दाबलेला, पदर भिजून जड झालता. अन ती काय बोलली असंल सांगा? आई ग न्हाय, वाचवा न्हाय. अव्वा, तुमचं ताट रिकामं हाय. म्हणलं, काय? डबे बघितले अव्वा, ताट धुतलं अन समदे डबे बघितले, घरात घालायला काय नव्हतं. साखर दिली तवा चापट बसली, अंडी त्याची व्हती तवा लाथा, आज काय नव्हतंच, म्हणून डबे उघडत बसले अन तो आला. तुमचं ताट रिकामं हाय, राग धरू नका. मी तितं रिक्षात रडले. नळावरची भांडखोर मार्था, रिक्षावाल्याच्या म्होरं हंबरडा फोडला. ताटावर ताट धाडत व्हते मी, अन एकेका ताटापायी ती मार खात व्हती, अन मी मंडळात टाळ्या घेत व्हते!

दवाखान्यात अकरा टाके पडले, कान गेला तो गेलाच. पोलीस आले, मी समदं सांगितलं, उलतन्याचं बी सांगितलं, काय झाकलं न्हाय.

चौथ्या रविवारी चर्चला गेले, हात प्लास्टरमदी. चौथी मेणबत्ती प्रीतीची असती, त्या वर्षी ती लावायची पाळी माझी. एक जुनी बाई, नाव कशाला घेऊ, उठून म्हणली, पाळकसाहेब, जिनं माणसाला भाजलं तिनं प्रीतीची मेणबत्ती लावावी का? ख्रिस्ती माणसानं दुसरा गाल पुढं करायचा असतो. माझं डोकं तापलं. म्हणलं, बाई, गाल माझा असता तर केला असता, का केला नसता, ते देव बघंल. पण दुसरीचा गाल मी पुढं करू का? तीन रविवार तेच केलं मी, आता न्हाय करणार. अन पाळकसाहेब, बसूला भाजलं त्याचा पस्तावा मला न्हाय, खोटा आणता येत न्हाय. पस्तावा हाय तो दुसऱ्या रविवारचा, आवाज ऐकून मी करंज्यांचा डबा झाकून झोपले त्याचा. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, अन काडी पेटवून माझ्या डाव्या हातात दिली.

दवाखान्यातनं मी तिला माझ्या घरी आणली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी बसू जामिनावर सुटून आला, संग महादेवीचा सख्खा भाऊ. भाऊ म्हणतो, चल, झालं गेलं गंगेला मिळालं. बसू दारात उभा, हाताला पट्टी, रडत व्हता, शमुवेलवानीच. मला म्हणतो, माझी बायको बाटवायला ठेवलीस व्हय. म्हणलं, हिला मी चर्चमदी न्हेली न्हाय, दवाखान्यात न्हेली, कागद हाय बघ. अन उलतनं दाराच्या मागंच ठेवलंय. पण ताई, आतनं मी भ्यालते. मला वाटलं ती जाणार. माझी आई परत गेलती की, दोनदा माहेरी पळून गेली अन दोन्ही येळंला तिच्या बापानं परत घातली. महादेवी भिताडाला टेकून बसलेली, टाक्यांची पट्टी डोक्याला. मंग भावाला म्हणली, कानडीत, मला तेवढं कळतंय, तू न्हेणार असशील तर तुझ्या घरी ने, ह्याच्या घरी न्हाय. भाऊ खाली बघाया लागला. ती म्हणली, मंग मी हितंच बरी. बसूनं दारावर एक लाथ घातली, शिव्या दिल्या, अन गेला. पुढं तो सोलापूर सोडून गेला म्हणत्यात, कोरटाची तारीख असली की येतो, भाजल्याचा डाग झाकायला फुल बाह्यांचा शर्ट घालतो.

सा महिने माझ्या घरी व्हती. कडा शिवायला शिकवल्या तिला, आता माझ्यापेक्षा जोरात मशीन मारती. मंग दोन दारं सोडून स्वताची खोली घेतली. देव अजून तिचेच, महादेव अन शेजारी लक्ष्मी, सोमवारचा उपास बी करती, माझं काय म्हणणं न्हाय. पण एक खोड गेली न्हाय. काय बी द्या, भाजीची वाटी द्या, चार मिरच्या द्या, संध्याकाळच्या आत भांडं भरून परत. न्हाय भरलं तर तिला झोप लागत न्हाय. मी ते ताट मोडीत घालणार व्हते, कडंला चेपलंय, बरूबर शमुवेलच्या नावाच्या वर. तिनंच घालू दिलं न्हाय. म्हणली, ऱ्हाऊ द्या अव्वा, ताटाचा काय गुन्हा.

तर आवंदाचा आगमनाचा पैला रविवार, म्हंजी तुमी आलाय त्याच्या आदला. चर्चमदी उठून म्हणलं, मी महादेवीचंच दार धरते, तेच चेपलेलं ताट, शिरा घालून नेला. सांजला ती आली. ताट लखलखीत. उंबऱ्यात उभी ऱ्हायली, उजवा कान माझ्याकडं करून, तोच चालतोय ना, अन म्हणली, अव्वा, घरात साखर हाय, शेंगा बी हायत, पण आज रिकामंच आणलंय. असं म्हणून माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली. अन तिचा हात वर गेला, आपसूक, कानाच्या वर, मार चुकवायला जातो तसा. तिचं तिलाच कळलं, मंग तिनं तो हात खाली घेतला. मी ताट घेतलं. म्हणलं, बरं केलंस पोरी, देव तुझं बरं करो, बस, च्या टाकते. अन ती बसली.